नारकोंडमचा धनेश आणि ह्यूमसाहेब

सामान्य ज्ञानाच्या परीक्षेत एक प्रश्न हमखास विचारला जातो : काँग्रेसची स्थापना कोणी केली? तुम्ही सर्व जण न चुकता ए. ओ. ह्यूम असे लिहिता, एक गुण मिळवता, आणि पुढच्या प्रश्नाकडे वळता. हे गृहस्थ त्या एका ओळीतच संपून जातात. पण याच ह्यूमसाहेबांनी १८७३ साली एका लहानशा आगबोटीतून बंगालच्या उपसागरातली ज्वालामुखी बेटे पालथी घातली होती, आणि तीही केवळ पक्षी पाहण्यासाठी व गोळा करण्यासाठी, हे किती जणांना माहीत आहे? आजकाल श्रीमंत प्रवासी लहान जहाजांतून गॅलापागोससारख्या दूरच्या ज्वालामुखी बेटांवर पशुपक्षी पाहायला जातात, त्याच्या जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. आपल्या देशातही असा एक प्रवास दीडशे वर्षांपूर्वी झाला होता, आणि तो करणारा माणूस आपल्या ग्वाल्हेरचा जवळजवळ शेजारी होता.

शेजारी म्हणण्याचे कारण असे की, ह्यूमसाहेबांची उमेदीची वर्षे इटाव्यात गेली. ग्वाल्हेरहून भिंडमार्गे इटावा सव्वाशे किलोमीटरच्या आतच आहे. पूर्वी शिंदे सरकारची छोटी लाईन भिंडपर्यंत जाऊन थांबत असे. २०१६ पासून भिंडच्या पुढे चंबळ ओलांडून रेल्वे इटाव्यापर्यंत जाते.

अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचा जन्म ४ जून १८२९ रोजी इंग्लंडमध्ये झाला. वडील जोसेफ ह्यूम हे मूळचे स्कॉटलंडचे, पार्लमेंटचे सभासद आणि सरकारी उधळपट्टीवर बोट ठेवणारे म्हणून प्रसिद्ध होते. वरिष्ठांना न घाबरता खरे बोलण्याची सवय मुलाला बहुधा तिथूनच लागली असावी. ती पुढे त्यांना महागात पडली, ते येईलच. हेलीबरीच्या कंपनी कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले, लंडनमध्ये वैद्यकीचा आणि शस्त्रक्रियेचाही थोडा अभ्यास झाला, आणि १८४९ साली, म्हणजे वयाच्या विसाव्या वर्षी, ते बंगालच्या मुलकी सेवेत भारतात आले.

इटाव्याला ते कलेक्टर झाले तेव्हा वय तिशीच्याही आत होते. एक शिक्षक म्हणून मला त्यांच्या इथल्या कामाचे फार अप्रूप वाटते. १८५६ पासून त्यांनी जिल्ह्यात मोफत शाळा काढायला सुरुवात केली, आणि वर्षभरात १८१ शाळा व ५,१८६ विद्यार्थी अशी संख्या झाली. त्यांत मुली किती होत्या, ठाऊक आहे? फक्त दोन! तरी त्या काळात एका जिल्ह्यात, लोकांच्या सहकार्याने, इतक्या कमी अवधीत एवढ्या शाळा उभ्या राहणे ही साधी गोष्ट नव्हे. शाळा चालवणे म्हणजे काय असते ते आम्हाला विचारा. पुढे त्यांनी इटाव्यात एक हायस्कूल बांधले. त्याचा नकाशा इंग्रजी एच अक्षरासारखा आहे, म्हणजे साहेबांनी आपल्या आडनावाचे पहिले अक्षर इमारतीत गुंफून ठेवले. दारूच्या ठेक्यातून सरकारला मिळणारे उत्पन्न त्यांना पापाची कमाई वाटे आणि ते तसे वरिष्ठांना स्पष्ट कळवतही असत.

मग १८५७ उजाडले. इथे ग्वाल्हेरचा संबंध येतो. मे महिन्यात इटाव्यात गडबड झाली तेव्हा इंग्रजांच्या मदतीला ग्वाल्हेर कंटिंजंटचीच पलटण पाठवली गेली होती. पण जूनच्या मध्यावर मुरार छावणीत कंटिंजंटने बंड केले, आणि ह्यूमसाहेबांना इटावा सोडून आग्र्याच्या किल्ल्यात आश्रय घ्यावा लागला. सहा महिन्यांनी ते परतले, स्थानिक लोकांची फौज उभी करून लढले, आणि जिल्हा पुन्हा ताब्यात घेतला. ते आपल्या लोकांच्या विरुद्ध बाजूने लढले, ही गोष्ट लपवण्याचे कारण नाही. राणी लक्ष्मीबाईंची समाधी ज्या शहरात आहे त्या शहरातल्या मुलांना ती टोचणारच. परंतु विजय मिळाल्यानंतर जेव्हा इतर जिल्ह्यांत झाडाझाडांवर माणसे लटकवली जात होती, तेव्हा ह्यूमसाहेबांनी अवघ्या सात जणांना फाशी दिली, हेही नोंदवले पाहिजे. सात हा आकडा लहान की मोठा, याचा निर्णय तुम्ही करा.

पक्ष्यांचा नाद त्यांना याच सुमारास लागलेला होता. पहिला संग्रह १८५७ च्या धामधुमीत नष्ट झाला. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

१८६७ ते १८७० ते अंतर्गत जकात खात्याचे आयुक्त होते. मिठावरचा कर चुकवून कोणी मीठ आणू नये म्हणून इंग्रजांनी सिंधूपासून ओरिसाच्या बाजूपर्यंत जकातीची रेषा आखली होती आणि तिच्यावर शेकडो मैल काटेरी कुंपण वाढवले होते. ही रेषा आग्रा, झाशी असा वळसा घेत आपल्याच भागातून जात असे. चंबळकाठी इटावा जिल्ह्यात तिचे अवशेष एका इंग्रज लेखकाला १९९८ साली सापडले. या नोकरीचा एक लाभ झाला : फिरती मोठी, त्यामुळे पक्षी पुष्कळ.

नंतर व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी शेती, महसूल आणि व्यापार यांचे एक नवे खाते काढले व त्याचे सचिवपद १८७१ मध्ये ह्यूमसाहेबांना दिले. मेयो आणि ह्यूम यांचे विचार जुळत होते. शेती सुधारल्याखेरीज हिंदुस्थान सुधारणार नाही असे दोघांनाही वाटे. परंतु ८ फेब्रुवारी १८७२ रोजी अंदमानात पोर्ट ब्लेअरजवळ होपटाउनच्या धक्क्यावर शेर अली आफ्रिदी नावाच्या कैद्याने लॉर्ड मेयोंचा खून केला. ह्यूमसाहेबांचा मोठा आधार गेला. त्यानंतर तेरा महिन्यांनी त्यांची आगबोट त्याच बंदराकडे निघाली.

आता नकाशा काढा. कलकत्त्यापासून दक्षिणेला बोट फिरवा. अंदमान म्हटले की आपल्याला सेल्युलर जेल आणि स्वातंत्र्यवीर सावरकर आठवतात. पण १८७३ मध्ये ती इमारत नव्हतीच, तिचे बांधकाम १८९६ मध्ये सुरू झाले. कैद्यांची वसाहत मात्र १८५८ पासून होती, आणि ती वसवली गेली ती सत्तावनच्या बंदिवानांसाठी. अंदमानच्या मुख्य बेटांच्या पूर्वेला, अगदी सुटे, दोन ठिपके दिसतील. खालचा ठिपका म्हणजे बॅरन बेट, पोर्ट ब्लेअरपासून साधारण १३५ ते १४० किलोमीटरवर. वरचा ठिपका म्हणजे नारकोंडम, उत्तर अंदमानपासून सुमारे १३० किलोमीटरवर. ही दोन्ही बेटे म्हणजे समुद्राच्या तळापासून वर आलेल्या ज्वालामुखींची डोकी आहेत. हिंदी महासागराखालचा भूपट्ट पूर्वेकडच्या भूपट्टाखाली सरकतो, खोल जाऊन तापतो, खडक वितळतो आणि वर येतो. सुमात्रा-जावाचे ज्वालामुखी ज्या साखळीत आहेत तिचीच ही उत्तरेकडची टोके.

मार्च १८७३ मध्ये ह्यूमसाहेब निघाले. मार्च महिना विचार करूनच निवडलेला दिसतो, कारण पावसाळ्याआधी हा समुद्र त्यातल्या त्यात शांत असतो आणि पक्ष्यांच्या विणीचाही तो हंगाम. बरोबरची मंडळी नामांकित होती. भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे फर्डिनांड स्टोलिच्का, जे मूळचे मोराव्हियाचे, शंखशिंपल्यांपासून जीवाश्मांपर्यंत सर्व विषयांत गती असलेले. त्याच खात्याचे व्हॅलेंटाइन बॉल, आयरिश. आणि कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे जेम्स वुड-मेसन, ज्यांचा जीव खेकडे आणि कीटकांत रमे. याशिवाय ह्यूमसाहेबांचे सहायक विल्यम डेव्हिसन त्या बेटांवर त्यांच्यासाठी पक्षी गोळा करीतच होते. एका लहान बोटीवर एवढे विद्वान! कोणाचे डोळे आकाशाकडे, कोणाचे दगडाकडे, कोणाचे पाण्याखाली.

हल्ली अशा जहाजांवर दुर्बिणी आणि कॅमेरे असतात. त्या बोटीवर बंदुका होत्या, बारीक छर्रे होते आणि सोमलाचा साबण होता. सोमल म्हणजे विष, पण पक्ष्याच्या कातड्याला आतून तो साबण चोळला की कीड लागत नाही. पक्षी मारल्यावर तो ताजा असतानाच त्याची लांबी, पंख, शेपटी, चोच, पाय हे सर्व मोजायचे. डोळ्याचा, चोचीचा आणि पायांचा रंग लगेच लिहून घ्यायचा, कारण काही तासांत ते रंग उतरतात आणि मग कोणालाही कळत नाहीत. नर की मादी हे पोट फाडून पाहायचे. मग कातडे उतरवायचे, आत कापूस भरायचा, पायाला चिठ्ठी बांधायची आणि चिठ्ठीवर ठिकाण व तारीख लिहायची. मार्चच्या उकाड्यात, हलत्या बोटीवर, रात्री दिव्याच्या उजेडात हे काम चाले. ह्यूमसाहेब या मोजमापांच्या बाबतीत फार कडक होते. चिठ्ठी नसलेला पक्षी त्यांच्या दृष्टीने निरुपयोगी होता. (आमच्या प्रयोगशाळेतल्या काही बाटल्यांवर चिठ्ठ्या नाहीत, संबंधितांनी लक्ष द्यावे.)

बॅरन हा भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी. बेट जेमतेम तीन किलोमीटर रुंदीचे. बाहेरून उंच गोल भिंत, आत खोलगट जागा आणि तिच्या मधोमध राखेचा शंकू. भिंत एका बाजूला फुटलेली आहे, तिथूनच लाव्हा समुद्राकडे वाहतो आणि तिथूनच माणसाला आत शिरता येते. १७८७ पासून त्याच्या उद्रेकांच्या नोंदी आहेत. एकोणिसाव्या शतकात तो शांत झाला आणि तो थेट १९९१ साली जागा झाला. म्हणजे ह्यूमसाहेब गेले ते त्याच्या दीर्घ झोपेच्या काळात. उतरण्याच्या जागी काळ्या लाव्ह्याखालून गरम पाणी समुद्रात झिरपत होते, तेवढीच काय ती खूण. १९९१ पासून पुढे त्याने पुन्हा पुन्हा राख आणि लाव्हा ओकलेला आहे, म्हणून आज पर्यटकांना बेट दुरून बोटीतूनच पाहावे लागते, पाय ठेवू देत नाहीत. या बाबतीत साहेब आपल्यापेक्षा नशीबवान ठरले. बॉल यांनी या दोन्ही बेटांच्या खडकांवर पुढे पुष्कळ लिहिले.

नारकोंडमचे रूप अगदी वेगळे. हा ज्वालामुखी मनुष्याच्या आठवणीत कधी पेटलेला नाही. सुमारे सात चौरस किलोमीटरचे हे बेट समुद्रातून एकदम ७१० मीटर उंच चढते, आणि माथ्यापासून किनाऱ्यापर्यंत दाट जंगल. नावाची गंमत ऐका. नारकोंडम म्हणजे नरककुंड असे सांगतात. आता धूर आणि आग तर बॅरनमध्ये, मग नरककुंड हे हिरव्यागार बेटाचे नाव कसे? काही विद्वानांचे असे अनुमान आहे की जुन्या नाविकांनी हे नाव बॅरनला दिले होते, नकाशे काढणाऱ्यांच्या हातून ते शेजारच्या बेटावर जाऊन बसले. बंदर कुठेच नाही. कडे सरळ पाण्यात उतरलेले, लाटा आदळत असलेल्या. बोट लांब उभी करून होडीने जायचे आणि लाट पाहून उडी मारायची.

त्या जंगलात त्यांना धनेश दिसले. धनेश म्हणजे मोठ्या वाकड्या चोचीचा, चोचीवर शिरस्त्राण असलेला पक्षी. कोकणात आणि सह्याद्रीत त्याचे भाऊबंद आहेत. पण हा धनेश निराळा होता. अंगाने लहान, शेपटी पांढरी, गळ्याची पिशवी निळसर. नराचे डोके आणि मान विटकरी तांबूस, तर मादी संपूर्ण काळी. ह्यूमसाहेबांनी त्याच वर्षी, १८७३ मध्ये, आपल्या नियतकालिकात त्याचे शास्त्रीय वर्णन छापले आणि बेटाचे नाव त्याला दिले. या जातीचा धनेश जगात दुसरीकडे कुठेही नाही. म्यानमारमध्ये नाही, मुख्य अंदमानात नाही. अंदमान इतके जवळ असून तिथे कोणत्याच जातीचा धनेश नाही. या मंडळींचे पूर्वज एवढा समुद्र ओलांडून या एका डोंगरावर कधी आणि कसे आले, हे आजही कोडेच आहे.

त्याच्या संसाराची रीतही सांगण्यासारखी आहे. मादी झाडाच्या ढोलीत बसते आणि आतून दार बंद करून घेते, फक्त एक फट ठेवते. अंडी उबवून पिल्ले मोठी होईपर्यंत नर वड-उंबराच्या जातीची फळे आणून त्या फटीतून भरवतो. नर मेला तर आतल्यांची उपासमार. हा सर्व प्रकार फेब्रुवारी ते मे या काळात चालतो. म्हणजे ह्यूमसाहेबांची मंडळी बंदुका घेऊन उतरली तेव्हा कितीतरी माद्या ढोलीत बंद असतील. ही गोष्ट वाचताना मला बरे वाटत नाही. परंतु त्या काळी पक्षी हातात आल्याशिवाय तो कोणता हे ठरवण्याचा मार्ग नव्हता, आणि ती नोंद झाली नसती तर या बेटावर काही वेगळे राहते हे आपल्याला फार उशिरा कळले असते.

या सफरीच्या काळात अंदमानातल्या आणखी काही पक्ष्यांना शास्त्रीय नावे मिळाली. तिथल्या एका लहान घुबडाला ह्यूमसाहेबांनी आपले सहप्रवासी बॉल यांचे नाव दिले. अंदमानी बदकाचे वर्णनही १८७३ चेच. सर्व वृत्तांत त्यांनी स्वतःच्या नियतकालिकात सविस्तर प्रकाशित केला. त्याचे नाव स्ट्रे फेदर्स, म्हणजे इकडेतिकडे पडलेली पिसे. सहप्रवाशांपैकी स्टोलिच्का मात्र फार जगले नाहीत. यारकंदच्या मोहिमेवरून परतताना जून १८७४ मध्ये लडाखमध्ये त्यांचा मृत्यू झाला.

ह्यूमसाहेबांची हौस एवढ्यावर भागली नाही. १८७५ साली ते क्लाइड नावाच्या सर्वेक्षण बोटीतून लक्षद्वीपला गेले. ती बेटे ज्वालामुखीची नसून प्रवाळाची. याच प्रवासात पश्चिम किनाऱ्यावर आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या वेंगुर्ल्यासमोरचे खडकही त्यांनी पाहिले. या खडकांतल्या गुहांमध्ये पाकोळ्या लाळेची घरटी बांधतात आणि माथ्यावर सुरय पक्षी अंडी घालतात. ती घरटी परदेशी सूपासाठी चोरून नेली जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने आपल्या काळात तिथे संरक्षणाचे काम केले आहे. सुटीत कोकणात नातेवाइकांकडे जाल तेव्हा वेंगुर्ल्याच्या बंदरावरून समुद्रात नजर टाका.

या सर्व काळात त्यांची सरकारी नोकरी चालूच होती. सिमल्याला जाखूच्या टेकडीवर रॉथनी कॅसल हा त्यांचा बंगला, आणि त्यातच पक्ष्यांचे संग्रहालय. देशभर त्यांचे पक्षिमित्र होते : कलेक्टर, इंजिनियर, लष्करी अधिकारी, चहाच्या मळ्यावरचे साहेब. सर्व जण त्यांना कातडी, अंडी, टिपणे पाठवीत. अशा प्रकारे आशियातल्या पक्ष्यांचा जगातला सर्वात मोठा संग्रह एका खाजगी घरात तयार झाला. पगाराचा फार मोठा भाग त्यातच जाई.

परंतु खरे बोलण्याची सवय नडली. लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत ह्यूमसाहेबांनी सरकारी धोरणावर टीका करणे सोडले नाही, आणि १८७९ मध्ये त्यांना सचिवपदावरून काढून अलाहाबादला खालच्या जागेवर पाठवण्यात आले. मेयोंनी उभे केलेले शेती खातेही गुंडाळले गेले. मनुष्य अपमानाने खचून गेला असता. हे १८८१ मध्ये तीन महिन्यांची रजा काढून पक्ष्यांसाठी मणिपूरला गेले! तिथल्या एका सुंदर फेझंटला त्यांनी आपल्या पत्नी मेरी यांचे नाव दिले. तो आज मणिपूरचा राज्यपक्षी आहे. १८८२ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. याच सुमारास थिऑसफीच्या प्रभावाने त्यांनी शिकार आणि मांसाहार दोन्ही सोडले. ज्याच्या संग्रहात हजारो पक्षी बंदुकीने आलेले, त्याने बंदूक खाली ठेवली.

आता त्यांच्यापुढे एकच मोठे काम राहिले होते, ते म्हणजे पंचवीस वर्षांच्या टिपणांवरून भारतातल्या पक्ष्यांचा संपूर्ण ग्रंथ लिहिणे. १८८४ च्या हिवाळ्यात ते सिमल्याबाहेर असताना त्यांच्या एका नोकराने बंगल्यातली हस्तलिखिते रद्दी म्हणून बाजारात विकून टाकली. मणभर नव्हे, कित्येक मण कागद. दुकानदारांनी त्याच्या पुड्या बांधल्या असतील. नारकोंडमचा वृत्तांत आधीच छापला गेला होता म्हणून वाचला. जे छापले नव्हते ते गेले. आम्ही विद्यार्थ्यांच्या मागे लागतो की काम वेळेवर उतरवून जमा करा, त्याचे यापेक्षा कठोर उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

ह्यूमसाहेबांनी ग्रंथाचा नाद सोडला आणि सर्व संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला, एक पैसाही न घेता. तिथले तज्ज्ञ रिचर्ड बोडलर शार्प १८८५ मध्ये स्वतः सिमल्याला आले. किडीने खराब झालेले सुमारे वीस हजार नमुने त्याआधीच नष्ट करावे लागले होते. तरीही सुमारे ८२,००० नमुने उरले. देवदाराच्या ४७ पेट्या तिथेच तयार केल्या, खिळ्यांनी पक्ष्यांना इजा होऊ नये म्हणून खिळ्यांवाचून. एकेक पेटी अर्धा टन वजनाची. डोंगर उतरून बैलगाड्यांनी कालका, आणि तिथून मुंबई बंदर.

त्याच वर्षी, त्याच मुंबईत, डिसेंबरच्या २८ तारखेला गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात ७२ प्रतिनिधी जमले. अधिवेशन खरे तर पुण्याला व्हायचे होते, पण तिथे कॉलऱ्याची साथ आली. दादाभाई नौरोजी, फिरोजशहा मेहता, आपले काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे सर्व तिथे होते, व्योमेशचंद्र बॅनर्जी अध्यक्ष होते आणि जमवाजमव ह्यूमसाहेबांची होती. पुढची कथा तुमच्या इतिहासाच्या पुस्तकात आहे. माझ्या मनात मात्र एक विचार येतो. देशभरच्या अनोळखी माणसांना पत्रे लिहायची, प्रत्येकाकडून त्याच्या भागाची माहिती मागवायची, तिची नोंद ठेवायची आणि सर्वांना एका कामात जोडायचे, हा सराव त्यांना पक्ष्यांनीच दिला नसेल काय?

१८९४ मध्ये ते इंग्लंडला परतले. पक्षी दिले होते, आता त्यांनी वनस्पती गोळा करायला सुरुवात केली. १९१० मध्ये दक्षिण लंडनमध्ये त्यांनी सामान्य लोकांसाठी वनस्पतिशास्त्राची एक संस्था काढली, ती आजही चालू आहे. ३१ जुलै १९१२ रोजी वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

नारकोंडमवर १९६९ पासून पोलिसांची एक चौकी आहे, आणि १९७७ मध्ये बेट अभयारण्य घोषित झाले. चौकीसाठी नेलेल्या शेळ्यांनी जंगलातली कोवळी रोपे खाऊन मोठे नुकसान केले होते, त्या नंतर हलवण्यात आल्या. तटरक्षक दलाला तिथे रडार बसवायचे होते. २०१२ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने धनेशासाठी परवानगी नाकारली, २०१४ मध्ये ती देण्यात आली. देशाची सीमाही तिथेच आहे आणि त्या पक्ष्याचे सर्व जगही तिथेच, त्यामुळे हा प्रश्न सोपा नाही. २०२० च्या सुमारास आपल्याच देशातले शास्त्रज्ञ तिथे राहून आले. त्यांच्या मोजणीत बेटावर सुमारे एक हजार धनेश निघाले, पूर्वीच्या अंदाजापेक्षा बरेच अधिक. या वेळी मोजण्यासाठी एकही पक्षी मारावा लागला नाही.